स्टॉपर ओढल्यावर बारा

हे घडलेले आहे. मी पंचाहत्तरीचा माणूस आहे, जन्मभर व्याकरण शिकवले आहे, आणि एखादी गोष्ट रंगवून सांगण्याची मला सवय नाही. जेवढे पाहिले आणि ऐकले, तेवढेच लिहितो. त्या वेळी घरात माझ्याशिवाय आणखी दोन माणसे होती. दोघेही हयात आहेत. विचारले तर सांगतील.

वार गुरुवार. थंडी सरत आली होती. संध्याकाळचे साडेपाच.

ही वेळ आमच्या घरात काय होती, हे कळण्यासाठी आधी माझ्या थोरल्या भावाविषयी सांगावे लागेल.

दादांची एक जुनी पिकअप होती. डिझेलची. एकतीस वर्षे ती घेऊन ते रोज साडेपाचला घरी येत. गाडी गल्लीत वळली की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे कप किणकिणू लागत. मग ती फाटकाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राही. त्या जातीचे इंजिन किल्लीने थांबत नाही. किल्ली काढून खिशात टाकली तरी ते धडधडतच राहते. स्टिअरिंगखाली एक काळी मूठ असते, तिला स्टॉपर म्हणतात. ती ओढली की आतली तार ताणली जाते, डिझेल तुटते आणि इंजिन गप्प होते.

दादा ती मूठ लगेच ओढत नसत. त्यांच्या मनात येईल तेव्हा ओढत.

मग शांतता.

त्या शांततेपासून फाटकाची कडी वाजेपर्यंत बारा आकडे होत. वहिनी ते मोजत. बारा आकड्यांत चपला सरळ व्हायच्या, रेडिओ बंद व्हायचा, पुतण्या वही उघडून बसायचा, आणि मी माझ्या खोलीचे दार लोटून मोठ्याने पाठ म्हणू लागायचो.

मोठ्याने अशासाठी, की पलीकडचे ऐकू येऊ नये.

एकदा चपला सरळ लावायच्या राहिल्या. दादांनी वहिनींना फाटकाबाहेर काढले. "आत यायचं नाही," एवढेच म्हणाले आणि कडी घातली. कडाक्याची थंडी होती. रस्त्यावरचे दिवे लागले, माणसांची ये-जा थांबली, तरी वहिनी तिथेच उभ्या होत्या. मी खिडकीतून पाहिले.

पाहिले आणि पडदा ओढला.

दादा गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, फार शिस्तीचा माणूस. मीही मान डोलावत होतो. ते आठवले की आजही मला माझाच संताप येतो.

गाडी पुतण्याकडे आली. तो रोपे विकतो. कुंड्या आणि मातीची पोती वाहायला गाडी हवीच होती, आणि तिचा सांगाडा अजून ठणठणीत होता. पण तो घरी परतला की कप किणकिणत, आणि वहिनी हातातले काम टाकून ताठ उभ्या राहत. आपलाच मुलगा आला आहे, हे ठाऊक असूनही. दीड वर्ष असे चालले. मग एके दिवशी त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "भावोजी, गाडी राहू दे. तिचा आवाज तेवढा बदलता येईल का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मेकॅनिकला आधी हसू आले. लोक पेट्रोल काढून डिझेल बसवून घेतात, तुमचं सगळंच उफराटं मास्तर, असे म्हणाला. कारण कळल्यावर तो हसायचा थांबला. नऊ दिवस काम चालले. साखळीच्या कप्पीने त्याने ते काळे धूड उचलून बाहेर काढले, आपल्या आवारात दोन टायरांवर ठेवले. टाकी धुतली. एका ठोकलेल्या मोटारीतले पेट्रोल इंजिन आणून, नवे आधार जोडून बसवले. स्टॉपरची तार त्याने मागून कापून टाकली. मूठ मात्र जागेवर राहू दिली, कारण ती काढली तर तिथे भोक दिसले असते.

"म्हातारीला तरुण काळीज बसवलंय," तो म्हणाला. "आता लाजत लाजत चालेल."

खरोखर तशीच चालली. गाडी कधी आली हे कळेनासे झाले. वहिनी साडेपाचला खिडकीशी बसून चहा घेऊ लागल्या. दारातल्या चपला वाकड्यातिकड्या पडू लागल्या. एकदा त्या चक्क गुणगुणत होत्या.

असे तीन आठवडे.

मग तो गुरुवार.

पुतण्या दुपारीच परतला होता. टेबलाशी बसून रोपांच्या चिठ्ठ्या लिहीत होता. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आधी वास आला... डिझेलचा.

मग फळीवरचा एक कप किणकिणला...

मग सगळे.

आणि मग शेडमधून तो आवाज आला. धड... धड... धड... एकतीस वर्षे ऐकलेला. मध्येच एक ठोका चुकवणारा.

वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि वाकून चपला सरळ करू लागल्या.

ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीती नंतर आली.

पुतण्या बाहेर धावला. मीही गेलो. त्याने बॉनेट उघडले.

पेट्रोलचे इंजिन बंद होते... पंखा स्थिर. पट्टा स्थिर. मी त्यावर हात ठेवला, ते गार होते.

आवाज मात्र तिथूनच येत होता.

पुतण्याने बॅटरीची तार काढली. काही फरक पडला नाही. त्याने मेकॅनिकला फोन लावला आणि फोन बॉनेटजवळ धरला. मेकॅनिकने मला फोनवर बोलावले.

"मास्तर, ते जुनं इंजिन माझ्या पुढ्यात आहे. टायरवर. त्याला टाकी नाही, तेल नाही, काहीच जोडलेलं नाही."

"मग?"

"मी आत्ता त्याला हात लावला... हात भाजला."

तेवढ्यात वहिनी मला ओलांडून पुढे गेल्या. अनवाणी. त्यांनी गाडीचे दार उघडले आणि दादांच्या जागेवर बसल्या. त्या जागेवर त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. त्यांना बसू दिलेच नव्हते. कपाळाची शीर तटतटलेली. त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला, काळी मूठ धरली आणि सगळा जोर लावून ओढली.

ती मूठ कशालाच जोडलेली नव्हती...

आवाज थांबला.

वहिनी उतरल्या. आम्हां दोघांना त्यांनी हाताला धरून फाटकाच्या आत घेतले, कडी घातली आणि फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. मीही मोजत होतो.

नऊ...

दहा...

अकरा...

बाराव्या आकड्याला फाटकाची कडी उचलली गेली.

बाहेर कोणी नव्हते. फाटक जाळीचे आहे, पलीकडचे सारे स्वच्छ दिसते. शेड, तिच्यात रिकामी गाडी, रस्ता. आणि हवेत वर उचललेली ती कडी.

"आत यायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. जसे ऐकले होते, तसेच म्हणाल्या.

कडी तशीच राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या शेजारी माझा तिशीतला पुतण्या लहान मुलासारखा श्वास रोखून उभा होता. वहिनी तसूभरही हलल्या नाहीत.

मग कडी खाली पडली. खट्.

पुन्हा तो आवाज आमच्याकडे आला नाही. मेकॅनिकच्या तळहातावर डाग आहे. दुसऱ्या दिवशी त्याने ते इंजिन घणाने फोडले. आत डिझेलचा थेंबही नव्हता, असे तो सांगतो.

मूठ ओढताना ती तारेसकट वहिनींच्या हातात आली होती; त्यांनी ती कमरेला खोचली होती. वीतभर कापलेली तार, टोकाला डिझेलने ओलसर. त्या रात्री जेवणे झाल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या आणि ती मूठ माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुमच्याकडे ठेवा, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही सगळं ऐकू येतच होतं."

मी ती उचलून खणात ठेवली.

आता वहिनी साडेपाचला निवांत चहा घेतात. पुतण्या येतो, गाडी लावतो, चपला कुठेही भिरकावतो. कप हलत नाहीत. मूठ माझ्या टेबलाच्या खणात आहे. टाकून देण्याचा अधिकार मला नाही, असे मला वाटते. साडेपाचला खण उघडून मी तिला हात लावतो.

ती कोमट असते...

मग मी मोजतो. रोज. परवा बारावर माझ्या खोलीच्या दाराची कडी किंचित वर झाली, आणि खाली आली.

वहिनींचे ते तीन शब्द मी आता पाठ करतो आहे, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. जन्मभर मोठमोठे पाठ खणखणीत म्हटले. पण वेळ आली तर हे तीन शब्द माझ्या तोंडून फुटतील की नाही, ते मला ठाऊक नाही.