अर्थिंगची सळई

मागची खोली तुला सामानाला हवी म्हणतेस, तर घे बापडी. आता या घरात भाडेकरू म्हणून राहतेस, वापर. कोपऱ्यात एक लोखंडी सळई उभी आहे, तिला मात्र हात लावू नकोस. का, ते सांगते. दिवा जरा इकडे सरकव, तुझं तोंड दिसू दे.

त्या दिवशी मी दोरा आणायला गेले होते. उशीची शिवण उसवली होती, म्हणून साधा पांढरा दोरा. परत आले तर फ्रिज बंद आणि दूध नासलेलं. सुनेला विचारलं, "हे कुणाचं काम?"

"तुमच्या थोरल्याचं. म्हणतात, फ्रिज मध्येच बोलतो."

"फ्रिज कधीपासून बोलायला लागला?"

"मला काय विचारता? आता ट्यूबलाइट उतरवतायत. उद्या मला गप्प बसवतील."

बोलली, पण हसली नाही. हसायचे दिवस नव्हते ते. माझा धाकटा खाणीत अडकला होता. खालच्या बोगद्याचं छत बसलं, मागे आग लागली, सोबतचे वर आले आणि हा राहिला. खाणीचे साहेब म्हणाले, आग विझवायची तर हवा तोडायला हवी, खाणीचं तोंड बंद करायला हवं. आत कोणी जिवंत असल्याची खूण दाखवा, मी थांबतो.

थोरला ती खूण शोधत होता. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. खाण पोखरत पोखरत आमच्या घराखालपर्यंत आलेली, हे सगळ्यांना ठाऊक. मागच्या खोलीची जमीन मातीची, तिथे त्याने जमिनीची धडधड टिपणारं यंत्र मांडलं. स्प्रिंगला टांगलेलं तराजूचं वजन, खाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, केसासारख्या तारेची कॉइल आणि तिथून वायर एका डब्यात. डब्यावर टेपरेकॉर्डरचा काटा. जमीन हलली की वजन झुलणार, काटा उडणार. पण काटा थरथरायचा थांबेचना. थंडीत उघड्यावर उभ्या माणसासारखा.

"आई, ही जमिनीची नाही, विजेची खरखर आहे," तो म्हणाला. "ही गेल्याशिवाय तो ऐकू यायचा नाही."

मग एकेक बंद करत गेला. फ्रिज झाला, ट्यूब झाली. शेजारच्यांची पाण्याची मोटर हातापाया पडून बंद करवली. वायरींना चांदीचा कागद गुंडाळला. शेवटी घराचा मेन स्विच पाडला आणि डबा बॅटरीवर घेतला. वाऱ्याने वजन हलू नये म्हणून खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि भर दुपारी आम्ही तिघं दिवा लावून बसलो. रॉकेलचा वास, कोंदट मातीचा वास. मला श्वाससुद्धा हळू घे म्हणाला. तरी काटा थरथरतच.

"अर्थिंग नाही," तो एकदम उठला. पुरुषभर उंचीची सळई आणून कोपऱ्यात घणाने ठोकली. भोवती मीठ आणि कोळसा घातला, पाणी ओतलं. वायर बांधण्यापुरती वीतभर वर ठेवली आणि डब्याची वायर तिला बांधली.

काटा पडला. मेल्यासारखा पडून राहिला. एवढी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती... आणि त्या शांततेत काटा उडला. दोनदा. थांबला. मग एकदा.

सुनेने तोंडावर हात दाबला. पाळीवरून आला की धाकटा दारावर जेवणाच्या डब्याने असंच ठोकायचा. दोनदा, थांबून एकदा. ती चिडवायची, "भावजी, दार आहे ते, खाणीचं छत नाही." तो म्हणायचा, "वहिनी, ठोकल्याशिवाय कळत नाही, आत पोकळ आहे की भरीव."

थोरला पळत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेब मातीत मांडी घालून बसले. दोनदा... एकदा. त्यांच्या कपाळावर घाम आला. "काम थांबवतो," ते म्हणाले.

आणि कुणी विचारलं नसताना माझा थोरला म्हणाला, "साहेब, एकदा खात्री करतो." त्याची रीतच ती. गिऱ्हाइकाचा रेडिओसुद्धा तो दोनदा तपासल्याशिवाय देत नसे. त्याने कॉइलची वायर उपटली. म्हणाला, आता डबा जमिनीपासून तुटला, काटा गप्प बसला पाहिजे.

दोनदा... एकदा.

त्याने वायर खाली ठेवली. "हा जमिनीचा नाही, साहेब. यंत्राचाच आहे."

"अहो..." सून एवढंच म्हणाली.

दिवेलागणीच्या आत खाणीच्या तोंडावर काँक्रीट पडलं.

पुढे तो डबाच घेऊन बसला. आतला भाग न् भाग बदलला, नवी बॅटरी आणली. काट्याचं आपलं तेच. "फेकून दे रे ते," मी म्हणायचे. "दोष सापडू दे, मग फेकतो."

एका सकाळी चहा घेऊन गेले तर सळईपाशी बसलेला, हातात सुटी वायर. काटा गप्प.

"आई, सगळ्या वायरी काढून बघितल्या होत्या. ही एकच राहिली."

त्याने वायर सळईला टेकवली. दोनदा... एकदा. काढली. गप्प.

"म्हणजे तो..."

"सळईवर ठोकतोय."

डबा काखेत मारून साहेबांकडे गेला. साहेबांनी बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "आत हवा नाही, पाणी नाही. इतक्या दिवसांनी कोण ठोकणार? तुम्हीच सांगा." तो उठला. डबा तिथेच टाकून आला. मग दुकान मोडलं आणि सुनेला घेऊन दूर गेला, जिथे जमिनीखाली काही नाही अशा गावी. फोन करतो. खोलीचं विचारत नाही.

मी राहिले. संध्याकाळी तिथे जाऊन बसते. काटा नसला तरी सळईवर तळहात ठेवला की कळतं. आधी वाटायचं, आपलाच हात कापतोय, वय झालं. पण हात असा मोजून कापत नाही.

मी उलट कधी ठोकलं नाही. ठोकलं तर त्याला वाटेल, वर कोणी ऐकतंय, आता येतील. यायला कोण आहे?

तर तू सामान ठेव. ट्रंका, खाट, काय असेल ते. फक्त सळईच्या वर माळ्याची फळी मारू नकोस. थोरल्याने वीतभरच वर ठेवली होती, माझ्यादेखत. मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या गुडघ्याला लागायची. आता कमरेला लागते.