खड्याएवढी गोळी

मातीचा खडा सोनाराच्या काट्यावर तोलणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला, आणि पाहतच राहिले. आपण खड्याकडे पाहतोय, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

सोनपेठच्या खालच्या अंगाला मजुरांची वस्ती होती. शेंगा फोडायला बायका हव्या होत्या, म्हणून मी मनकर्णाच्या दारी गेले होते. मनकर्णा त्या बायकांची मुकादमीण. नारूने तिचा एक पाय आखडला होता, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. त्या काळी आमच्याकडे बारवेचं पाणी पिऊन घरोघरी नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, महिनामहिना ठणका लागायचा, आणि ठणका मरावा म्हणून माणसं अफू खायची. नारू निघून जायचा, अफू राहायची.

त्या सकाळी मनकर्णाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती आणि मधोमध हा. पांढरा सदरा, लांब बोटं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे... म्हणजे आमच्यातलाच, लिंगायत. काट्याच्या एका पारड्यात पांढऱ्या मातीचा खडा होता, दुसऱ्यात अफूची काळी गोळी.

"काय करायलात तुमी?" मी विचारलं. दुसऱ्याच्या कामात डोकवायची मला लहानपणापासूनची खोड.

"तोलायलोय." मान वर नाही.

"ते दिसायलंय. माती कशाला तोलायलात?"

आता त्याने वर पाहिलं. "बायका बोलवायला आलात का माझी झडती घ्यायला?"

"दोन्ही. आधी झडती."

ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले, आणि ते मला फार आवडलं.

त्याने सांगितलं ते असं. ज्याला अफू सोडायची असेल त्याला त्याच्या रोजच्या गोळीच्या वजनाचा मातीचा खडा द्यायचा. त्याने रोज सकाळी त्या खड्याने उंबऱ्यावर एक रेघ ओढायची. रेघेगणिक खडा झिजतो. दुसऱ्या दिवशी गोळी त्या झिजलेल्या खड्याएवढीच. अंगाला कळतसुद्धा नाही, इतकी हळू हळू कमी.

"ही अक्कल कुणाची?"

"मनकर्णाबाईची. तिनं सोडली, मग तिनं लिंबाजीला धरलं, लिंबाजीनं दुसऱ्याला. हितं हकीम न्हाई, वैद्य न्हाई. ज्यानं सोडली त्यानं दुसऱ्याचा हात धरायचा. मी आपला तोलणारा."

"आन् अफू कुठून आणता?"

"सरकारी ठेक्याच्या अफूच्या दुकानातून. मी तिथंच कामाला हाय."

"म्हंजे विकता बी तुमीच, सोडवता बी तुमीच?"

"माझी माय अफूपायी गेली," तो शांतपणे म्हणाला. "मी दुकान सोडलं तर दुसरा कुणी तोलंल. तो खडा ठेवणार न्हाई."

मग मी मनकर्णाला बायका सांगितल्या आणि निघाले.

नाव रेवणसिद्ध, मूळचा झरीचा, हे मनकर्णाने मला वाटेपर्यंत सोबत करताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं... म्हणजे, दोनदाच विचारलं होतं.

आता आमच्या घरचं सांगते. माझे आप्पा, ईश्वरअप्पा, मोंढ्यातले नावाजलेले भुसार व्यापारी. चार वर्षांपूर्वी त्यांना नारू झाला आणि अफू लागली. पहाटे उठून मला शरणांची वचनं म्हणायला लावणारा माणूस दुपारपर्यंत तक्क्याला टेकून डुलक्या घ्यायचा. मी हाक मारली तर बघायचे, पण त्या बघण्यात मी नसायची. मला माझे आप्पा परत हवे होते. बाकी काही नको होतं.

मी ओट्याचं सांगितलं तसे ते भडकले. "मजुरांच्या रांगेत बसू? त्यांच्या मातीनं माझी गोळी तोलणार?"

"आन् विभूतीनं तोलली तर?"

आमच्यात विभूतीचा खडाच असतो; तो ते रोज कपाळाला लावतच होते, लावला की झिजणारच होता. नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

मग रेवणसिद्ध रोज सकाळी आमच्या घरी येऊ लागला. "शरणार्थ," असा आमच्यातला नमस्कार करून सोप्यात बसायचा. मी देवघरातून विभूतीचा तुकडा आणून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो तोलायचा, मी पाहायची. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरावा लागे, वाऱ्याने पारडं हलतं म्हणून. दोघांचे चेहरे काट्यापाशी... आणि दोघांचेही श्वास रोखलेले. काटा कधीच स्थिर झाला होता, हे आम्हाला बऱ्याचदा उशिरा कळायचं.

"तुमी मला नावानं हाक का मारत न्हाई?" एकदा मी विचारलं.

"मारली तर... सारखी मारावी वाटंल."

त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

तीन आठवड्यांत आप्पा दुपारचे जागे राहू लागले. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "उमा, तू वचनं विसरलीस का गं?" मी माजघरात जाऊन रडून घेतलं.

आणि मग उलटं झालं. पुन्हा डुलक्या, पुन्हा ते रिकामं बघणं. गोळीकडे पाहिलं तर ती चांगली बोराएवढी. मला एकच सुचलं. दुकानाचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ह्यालाच कुणीतरी सांगितलं असणार.

"तुमी काटा मारायलात," मी त्याच्या तोंडावर म्हणाले. "ठेक्याचं मीठ खाता, दुसरं काय करणार."

त्याने काटा डबीत ठेवला, डबी बंद केली. "शरणार्थ," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी गोळी लिंबाजीच्या हाती आली. तिसऱ्या दिवशीही. मी दाराकडे बघत राहायची, पण राग मोठा होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी देवघरात गेले, तर सिद्धम्मा आत्या विभूतीच्या मोठ्या गट्टीतून एक तुकडा फोडत होती. जुना झिजलेला तुकडा तिने तुळशीत टाकला.

"आत्या, हे काय करायलीस?"

"काय म्हंजे? बारीक झाला की बदलते. लिंगायताच्या घरात विभूती संपू द्यायची आसती व्हय?" आत्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "गेले दोन सोमवार बदलायले की मी."

आत्याला काय बोलणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी एका भल्या माणसाला चोर ठरवून मोकळी झाले होते.

मनकर्णाच्या ओट्याची रीत मला ठाऊक होती. ज्याचं चुकलं त्याने ते सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. मी निघाले. मागे काठीचा आवाज आला म्हणून वळले, तर आप्पा.

"मी बी येतो," एवढंच म्हणाले.

ओट्यावर सगळे होते. तोही होता. माझ्याकडे न पाहता काटा पुसत बसला होता.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "खडा घरात बदलला जात होता. मी न विचारता ह्यांच्यावर आळ घेतला."

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलं. "तुला वजन वाढलेलं दिसलं नसंल का रे, रेवणसिद्धा?"

"दिसलं," तो खाली पाहत म्हणाला. "काटाच बिघडला आसंल, वाटलं. दोनदा सोनाराकडून तपासून आणला. त्यांच्यावर..." तो अडखळला. "त्यांच्यावर शंका घेता येईना मला. माझं बी चुकलं."

मी त्याच्यावर एका क्षणात शंका घेतली होती. हा माणूस माझ्यासाठी आपल्या काट्यावर शंका घेत बसला होता. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी कुठंही जाऊ नये असंही.

"आनखी कुणाचं?" मनकर्णाने रिवाजाने विचारलं.

"माझं," आप्पा म्हणाले.

सगळे वळले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे होते.

"माझी बहीण भोळी. हा पोरगा भला. पन रोज तो खडा बोटात धरून कपाळाला लावत होतो ते मी. नवा खडा बोटाला कळत न्हाई व्हय? पहिल्याच दिवशी कळला. गोळी मोठी मिळंल, म्हनून गप बसलो." ते माझ्याकडे वळले. "पोरीनं भल्या मानसाला चोर म्हनलेलं ऐकलं, तरी गप बसलो."

मनकर्णा सरकली, ओट्यावर जागा झाली. आप्पा त्या जागेवर बसले. लिंबाजीने आपल्या पुढ्यातला पांढऱ्या मातीचा एक खडा त्यांच्यापुढे केला, आणि आप्पांनी तो घेतला.

"आता घरी तोलायला येऊ नका," आप्पा रेवणसिद्धाला म्हणाले. "मी हितंच येत जाईन."

त्याचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, कारण मनकर्णा माझ्याकडेच बघत होती. रीत तिची, ओटा तिचा, आणि मी आधीच उभी होते. म्हटलं, बोलून टाकावं.

"माझं आनखी एक चुकलंय," मी म्हणाले. "तोलताना मी कधीच गोळीकडं बघितलं न्हाई. नीट बघितलं आसतं, तर खडा बदललेला तवाच कळला आसता. मी... ह्यांच्याकडंच बघत होते."

ओटा हसून दणाणला. त्याचे कान लाल झाले, मान लाल झाली, आणि पहिल्यांदाच त्याने मला हाक मारली.

"उमा... बोलणी करायला थोरल्यांना झरीहून बोलवून घेऊ का?"

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चार वर्षांनी त्या बघण्यात मी होते.

"मला काय विचारायलीस?" आप्पा म्हणाले. "विचारणाऱ्याला जबाब दे की."