भुलाबाईची गल्ली

सायकलची घंटी वाजली तेव्हा द्वारकेच्या डोक्यावर नवा माठ होता, अन् नाकाच्या शेंड्यावर नेहमीचा राग.

ती बाजूला सरली नाही. तेवढ्यात मागून धान्याच्या आडत्याची मालमोटार भोंगा फुंकत आली. सायकल कलंडली, कापडाचं गाठोडं गल्लीभर उलगडलं, आणि माठ... माठाचं काय सांगावं! गार पाणी तिच्या पाठीवरून धावत सुटलं.

"डोळे हायेत का बटनं?"

"मोटारीनं ढकललं, बाई—"

"मग मोटारीशी भांडा न! माझ्यावर काहून येऊन पडून राहिले?"

"मोटारीला कान न्हाईत." तो चिखलातला खणाचा तागा झटकत हसला. "तुमाला हायेत."

"जीभ बी हाय!"

"ते... कळलं मला."

तो सेनगावचा संतराम. सायकलवर खण-लुगडी बांधून कळमनुरीच्या बाजाराला यायचा. पुढच्या बाजारी नवा माठ घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

"ठेवा तिथं."

"हातात घ्या. फुटला तर पुन्हा यावं लागंल मला."

"मग फोडूनच टाकते," असं म्हणाली खरी. पण माठ तिनं छातीशी धरला. मडक्याची नवी माती मंद वास सोडत होती. तिला उगीचच वाटलं, फुटू नये हा... लवकर.

त्याच दिवशी संध्याकाळी आडत्याच्या त्याच मोटारीनं मंजुळेचा पाय चिरडला.

मंजुळा द्वारकेची धाकटी बहीण. भुलाबाईचे दिवस होते. कोजागरीपर्यंत रोज दिवेलागणीला पोरींनी दारोदार जायचं, गल्लीत फेर धरून गाणी म्हणायची, अन् झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. मंजुळा पुढं पळाली. मोटार थांबलीसुद्धा नाही.

द्वारका आडत्याच्या पेढीवर गेली. "वेशीबाहेरून गाडीवाट हाय. तिकडून न्या मोटार."

"लांब पडते," तो पान चघळत बोलला. "पोरी आवरा तुमच्या."

बाप, दगडोबा, घरी तेच म्हणाला. "आजपासून पोरी दाराबाहेर न्हाई."

मोटार मोकळी, अन् पोरी कोंडलेल्या! द्वारकेच्या अंगाचा नुसता जाळ झाला. बाजारच्या दिवशी संतरामला तिचे लाल डोळे दिसले.

"रडू नगा."

"रडून कोण राहिलं? मला भांडायचंय!"

"मग माझी सायकल घ्या."

"मला कुठं चालवता येती?"

"आडवी टाकायला चालवता यावी लागत न्हाई."

ती पहिल्यांदा हसली. त्यानं नजर वळवली... उशिरानं.

दिवेलागणीला पोरी दाराबाहेर पडल्या. गल्लीच्या मधोमध शेजारच्या म्हाताऱ्या फातिमाबीनं आपली बाज ओढून टाकली, अन् पाय बांधलेल्या मंजुळेला मांडीवर घेऊन बसली. भोवती पोरींचा फेर. पुढं सायकल आडवी.

मोटार आली. भोंगा कोकलला. द्वारकेनं त्याच्यावर आवाज चढवला—

मोटार आली, मोटार आली, गल्ली सारी गिळली गं
भुलाबाई माझी रागानं लाल, जागची न्हाई ढळली गं!

ड्रायव्हरनं मोटार सरळ सायकलवर घातली. कडकड... चाकं मोडली. पोरी किंचाळल्या, पण फेर सुटला नाही. बाजेपाशी येऊन मोटार थांबली.

"चला बेटा, चला!" फातिमाबी गरजली. "मेरे उप्पर से चला!"

दारं उघडली. दगडोबा काठी घेऊन धावत आला. द्वारकेला वाटलं, आता आपल्याला फरफटत नेणार. पण तो बाजेच्या पायाशी उभा राहिला. मोटारीकडं तोंड करून.

"मागं घे," तो म्हणाला. एकेक करून सगळी गल्ली त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

मोटार मागच्या मागं गेली. दुसऱ्या दिवसापासून वेशीबाहेरची वाट तिला लांब वाटेनाशी झाली.

त्या संध्याकाळी संतराम मोडकी सायकल खांद्यावर घेऊन निघाला, तेव्हा द्वारका झाकलेला डबा घेऊन आडवी आली.

"ओळखा."

"फुटाणे?"

"न्हाई."

"गूळ-शेंगदाणे?"

"न्हाई."

"मग... राग असंल."

"तो समदा मोटारीवर उडवला."

त्यानं खांद्यावरची सायकल खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "हरलो. सांगा."

तिनं झाकण काढलं. डबा रिकामा होता.

"खिरापत डब्यात न्हाई," ती पदर चाळवत बोलली. "तुमच्या म्होरं उभी हाय."

पोरी खिदळल्या. उंबऱ्यावर दगडोबा खाकरला. "वेशीपर्यंतच जायचं! बाकीचं त्याच्या बापाशी बोलतो मी."

द्वारका निघाली. भिंतीला अंग चोरून नाही— गल्लीच्या अगदी मधून.