वेदवतीच्या नावाची हाक

"काका, रेडिओ बंद करा ना! कुणीतरी मला हाक मारतंय!"

रंगरावकाकांनी ट्रान्झिस्टरचा कान पिळला. गाणं थांबलं आणि भोवतालचं रान एकदम जवळ आल्यासारखं वाटलं.

म्हैसूरच्या चामराजपुरमहून सुट्टीत पायी भटकायला निघालेली ही मंडळी, म्हणजे काका, त्यांची मुलं प्राणेश आणि गुंडू आणि पुतणी वेदवती, हुणसूरहून कोडगूच्या डोंगरांकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर मुक्कामाला थांबली होती. मुक्काम तरी कसला! तीन दगडी भिंती, वर गंजका पत्रा आणि चौथ्या बाजूला सगळं जंगल! अंधार पडू लागला होता.

"वेदवतीऽऽ!"

या वेळी सगळ्यांनीच ऐकलं. घोगरा, खोल आवाज, जणू जमिनीतून आलेला! वेदवतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. या रानात तिला नावानं ओळखणारं होतं कोण?

"ओ देऊ नकोस!" काका कुजबुजले. अंधारात नाव घेऊन हाक मारतं ते भूत असतं, ओ देणारा जगत नाही, हे म्हैसूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! काकांनी चुलीतला विझलेला कोळसा उचलून भिंतीवर 'नाळे बा' लिहिलं. 'उद्या ये' असं वाचलं, की भूत म्हणे परत जातं.

"पण ते दारावर लिहितात ना, अप्पा? इथे दार कुठाय?" गुंडूनं विचारलं.

"सुम्ने इरो! गप्प बस!" काका डाफरले आणि पुन्हा वाटेतून उचलून आणलेल्या फळीवर जाऊन बसले.

"वेदवतीऽऽ!" पुन्हा तीच हाक, आणि मागोमाग खोकल्याची उबळ.

"अय्यो! भुताला खोकला?" प्राणेश म्हणाला. गुंडू फिसकन हसला, पण त्यानं वेदवतीचा हात काही सोडला नाही.

वेदवती घाबरली होती, खोटं कशाला सांगा! तरी एक प्रश्न तिला सोडेना.

"प्राणेश, ते तुझं नाव का घेत नाही? गुंडूचं का नाही?"

"कारण दुपारभर मी तुझ्याच नावानं बोंबलत होतो! फुलं वेचत मागे कोण राहत होतं?"

"म्हणजे ते ऐकणारा आपल्या मागून येत होता. माणूस आहे तो!"

"मग समोर का येत नाही?"

वेदवतीची नजर काकांच्या फळीवर गेली. वाटेत हत्ती अडवायला खणलेला खंदक होता. ही फळी त्यावरच होती! ती ओलांडल्यावर 'हिच्यावरून हत्ती आला तर?' म्हणत काकांनी ती उचलून आणली होती. तेव्हा मुलं पोट धरून हसली होती. आता तिला हसू येईना.

"काका! तुम्ही बसलायत ती फळी... तो खंदकात पडलाय!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "आता बेडा, आता नको. उजाडल्यावर बघू."

"उजाडेपर्यंत तो जगेल? तिथे बिबट्याच्या पंजांचे ठसे तुम्हीच दाखवलेत ना आम्हाला!"

वेदवती बाहेर आली आणि तिनं होता नव्हता तेवढा जोर लावला. "ओऽऽ! मी वेदवती! तुम्ही कुठे आहात?"

काकांनी डोळे गच्च मिटले. मग अंधारातून रडवेला आवाज आला, "बा तायी, बा! ये ग आई, ये!"

त्यानंतर काकांनी कुणालाच थांबवलं नाही. फळी खांद्यावर, बॅटरी हातात, सगळे हाकेच्या रोखानं धावले. खंदकाच्या तळाशी पाय मोडलेला एक म्हातारा पडला होता. काका स्वतः खाली उतरले. त्यांनी त्याला चादरीनं फळीला बांधलं आणि सगळ्यांनी मिळून वर ओढलं.

तो होता जंगलाचा राखणदार बोम्मय्या. सवयीनं रोजच्या जागी पाय टाकला आणि फळीच नव्हती! "आधी 'यारादरू बन्नी, कुणीतरी या' असं ओरडलो," तो कन्नडमध्ये सांगू लागला. "पण तुमचा रेडिओ! मग ऐकलेलं नाव घेतलं. म्हटलं, नाव घेतल्यावर तरी कुणी येईल."

"चूक माझी," काका मान खाली घालून म्हणाले. मग त्यांनी वेदवतीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास, पोरी! भीती तुलाही वाटत होती. तरी ओ दिलीस!"

बोम्मय्यानं तिचा हात धरला.

"आता माझंही नाव तुला ठाऊक झालं, तायी. रानात कधी अडकलीस तर हाक मार. पहिल्याच हाकेला येईन."