मेलेल्या माणसाची दाढ

पाण्याच्या यंत्रापाशी दोघांचे हात एकाच पेल्यावर पडले, आणि लंबू म्हणाला, "घ्या तुम्ही. मला आज भूत भेटलंय, तहानच पळाली."

झिपरीला हसू फुटलं. तिचे केस कुठल्याच पिनेला जुमानत नसत, म्हणून ती झिपरी. तो प्रत्येक दारातून वाकून यायचा, म्हणून लंबू.

काम दोघांचं एकच. सरकारी दवाखान्यांच्या नोंदी आणि सरकारी मदतीच्या नोंदी जोडायच्या, म्हणजे मदत मिळालेली माणसं खरंच धडधाकट राहतात का, हे अभ्यासकांना कळतं. पण खोल्या मात्र दोन! झिपरीच्या खोलीत नुसती नावं नि जन्मतारखा. कुणाला काय झालं, पत्ता नाही. लंबूच्या खोलीत नुसते आजार, मिळालेली मदत नि नंबर. माणूस कोण, पत्ता नाही. इकडचं तिकडे बोलायचं नाही, अशी सही देऊन बसले होते दोघं.

पण लंबूच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

"तुमच्याच खोलीनं धाडलंय," तो कुजबुजला. "जन्मल्या दिवशीच वारलं, आणि गेल्या वर्षी दाढ काढून आलं. शिष्यवृत्तीसुद्धा घेतलीय बेट्यानं. नंबर परत पाठवलाय, बघा."

मग काय... दोघांना सारखी तहान लागायला लागली. भुताची चौकशी करता करता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याच्या वाढदिवसाला तिनं बिस्किटावर मेणबत्ती उभी केली — ती आडवी पडली, आणि तो इतका हसला की हिनं ती पुन्हा उभी केली, पुन्हा पडावी म्हणून.

महिनाअखेरीला परत आलेले नंबर दुरुस्तीला आले. भुताचा नंबर दिसल्यावर झिपरीनं हसत हसतच तो उघडला.

आणि तिचं हसू तोंडातच थिजलं.

एका बाजूला लंबूचं नाव. अख्खं, आईच्या नावासकट. तारीख मेणबत्तीवाली. दुसऱ्या बाजूला तीच आई, तीच तारीख, आणि नावाच्या जागी नुसतं — 'मुलगा'. नाव ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता त्याला. हा 'मुलगा' म्हणजे तोच, नाव मागाहून ठेवलं असेल, असं समजून, लंबूची ओळख व्हायच्या आधी, दोघांना एक केलं होतं ते झिपरीनंच!

जुळा भाऊ. आणि लंबू तर सांगायचा, मी एकुलता एक.

ती तिच्या खोलीच्या प्रमुख, मोठ्या बाईंकडे गेली, माणूस ओळखीचा आहे म्हणून सांगितलं. बाईंनी स्वतः दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या आणि बजावलं, की त्याला ठाऊक असेल-नसेल, ते त्याच्या घरचं. आपलं तोंड बंद.

तोंड बंद ठेवता येतं हो. डोळ्यांचं काय करायचं? भुताचं काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तर "झालं दुरुस्त" म्हणताना हिचं अर्धं पाणी त्याच्या बुटांवर. मग ती तहानलेलीच राहायला लागली. बोलावं तर सही मोडते... न बोलावं तर हा हातचा जातो.

एका संध्याकाळी जिन्यात त्यानं वाट अडवली.

"रागावलीयस?"

"नाही."

"मग?"

"विचारू नकोस ना... प्लीज."

त्याचा हात सावकाश स्वतःच्या गालावर गेला.

"दाढ उजवीकडची होती," तो म्हणाला. "खालची."

त्याला कळलं होतं तर!

तिनं पाणी सांडलं त्या दिवशीच त्याला शंका आली होती. तो आपल्याकडची भुताची जुनी नोंद पुन्हा वाचायला बसला — लहानपणचा दमा, मोडलेलं मनगट, शिष्यवृत्तीचं वर्ष... सगळं याचंच! घरी जाऊन विचारलं, तर आईनं गॅस बंद केला आणि ती खालीच बसली. तुम्ही दोघं होतात, म्हणाली.

"आणि मी महिनाभर त्याच्यावर हसत होतो," लंबू म्हणाला. "तुला कळलं होतं. तू सांगितलं नाहीस."

संपलं सगळं, असं वाटलं तिला.

"नाही सांगितलं. ते तुझं होतं... आणि तुझ्या आईचं."

"म्हणून तर..." तो थांबला. "आई विचारत होती, माझ्या पोरांना परत दोघं कुणी केलं. म्हटलं, घरीच घेऊन येतो. येशील?"

"एक मीच केलं होतं रे त्यांना."

"तेही सांग तिला. येशील?"

"येईन," झिपरी म्हणाली.

आणि जिन्यात कुठेच दार नसताना लंबू वाकला.