अण्णांचा अर्धा पेला

हसायचं तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मध्ये बोलू नका. कोदंडम माझा शेजारी. मृदंगावर मारतो तेवढ्याच थापा, एरवी नाही.

गेल्या अठरा डिसेंबरच्या संध्याकाळी, मार्गळी या तमिळ महिन्याचा, म्हणजे मैफलींच्या हंगामाचा, तिसरा दिवस होता, तो रिक्षा घेऊन मैलापूरला वरदनमामांना आणायला गेला. वरदनमामा म्हणजे व्हायोलिनमधलं मोठं नाव. चेन्नईत त्यांच्या त्या रात्रीच्या मैफलीची तिकिटं कधीच संपली होती, साथीला मृदंगावर कोदंडमच होता. घरात मात्र मामा एकटे. फ्लास्कमध्ये मिरी घातलेलं गरम पाणी काठोकाठ भरत होते.

कोदंडमने चेष्टा केली, "मामा, व्हायोलिनचा घसा बसला की काय?"

"अण्णाचं आहे."

अण्णा म्हणजे थोरले भाऊ, गवई. चाळीस वर्षं मामांनी त्यांच्या बाजूला बसून साथ केली. मैफल रंगली की अण्णा ओठ न लावता अर्धा पेला पीत आणि उरलेला धाकट्याकडे सरकवत. पुढे मामांनी अण्णांना न विचारता एकट्याची मैफल घेतली. त्यानंतर अण्णांनी पेला एकट्याने संपवला आणि मरेपर्यंत अबोला धरला. ते दुःख मामांना आतून खात होतं.

सभागृहात पोचल्यावर कळलं, फ्लास्क रिक्षातच राहिला. रिक्षा निघून गेलेली. मामांच्या हातात नुसता पेला. मंचावर सवयीने ते बाजूलाच बसले.

कोदंडम हळूच म्हणाला, "मामा, आज मध्ये तुम्ही बसायचं."

"ती त्याची जागा."

रिकामा पेला त्यांनी मध्ये ठेवला.

तोडी सुरू झाली, कर्नाटकी तोडी, तिला सकाळ-संध्याकाळचं बंधन नाही. मामा आधी थांबत... कान देत... मग वाजवत. गाणाऱ्याच्या मागून वाजवावं, अगदी तसं. लोक चुळबुळले. काही कॉफीला उठले. म्हातारा एकटाच कुणाची तरी वाट बघत बसलाय, हे कोदंडमला बघवेना. त्याने मान खाली घातली.

मिऱ्यांचा वास आला.

मग... सतरंजीवर काहीतरी सरकलं.

त्याने डोळे मिटले. मिटूनच ठेवले.

उघडले तेव्हा पेला मामांच्या गुडघ्याशी होता. अर्धा भरलेला. वर वाफ.

मामांनी तो वरून प्यायला. डोळे पुसले. तोडी पुढे नेली, आता न थांबता.

रिक्षावाल्याने दुसऱ्या दिवशी फ्लास्क आणून दिला. हात लावला नाही म्हणून मुलांची शपथ घेतली. झाकण इतकं घट्ट होतं की कोदंडमला निघेना, मला हाक मारली. मी उघडलं.

एक पेला पाणी कमी होतं.