पाटलांकडचा मुका साखरपुडा

"मनोज, चहा घेणार काय रे?"

उन्नती टीव्हीच्या शोकेसमागे आडवी पडून वायरी जोडत होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे पाय. दुकानातून नेहमी मनोजच यायचा, तेव्हा हाक मारणाऱ्याची काही चूक नव्हती. ती सरपटत बाहेर आली, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून.

"घेईन," तो काढून ती म्हणाली. "साखर कमी. आणि मी मनोज नाही, उन्नती."

समोर भाविक उभा होता, तुळशीराम पाटलांचा मुलगा. गोदामांचा सगळा कारभार बघणारा हा उंचापुरा गडी असा काही बघत राहिला, की चहा सांगायचं राहूनच गेलं.

"केसांत कोळिष्टक आहे," शेवटी त्याला एवढंच सुचलं.

"असू दे. तुमच्याच घरचं आहे."

नारपोलीच्या बुद्धविहारामागे राहणारी ही पोर आयटीआय करून बाळाराम शेठच्या टीव्हीच्या दुकानात लागली होती. काउंटरवर उभं राहून पावत्या फाडणं तिला नको होतं. शेठच्या मागे लागून, अक्षरशः डोकं खाऊन तिने घरोघरी जायचं काम मागून घेतलं होतं, आणि पाटलांचा बंगला हे तिचं पहिलं मोठं काम. टीव्ही, अॅम्प्लिफायर आणि डीव्हीडी प्लेअर अशा तीन डब्यांच्या तीन रिमोटांनी तुळशीराम पार वैतागले होते. तेव्हा दुकानाने एक नवा रिमोट दिला. त्याला क्रम शिकवून ठेवायचा, की एकच बटण दाबलं तरी तिन्ही डबे एकामागोमाग चालू. उन्नतीने तो शिकवला, समोर चालवून दाखवला आणि निघाली.

आणि मग झाली की फजिती. भाविकच्या बहिणीच्या, मनालीच्या साखरपुड्याची डीव्हीडी बघायला सगळी भावकी जमली. तुळशीरामांनी ऐटीत बटण दाबलं. चित्र आलं, पण आवाजाचा पत्ता नाही. पडद्यावर भटजी नुसते ओठ हलवतायत, आणि भावकी पोट धरून हसतेय.

उन्नती धावत गेली. तिच्या हातात रिमोट अगदी शहाण्यासारखा चालला. ती गेली, आणि पुन्हा मुका. पुन्हा फोन, पुन्हा फेरी. दर वेळी भाविक गोदाम सोडून घरी हजर.

"तुम्ही असलात की चालतो," तो मिशीत हसत म्हणायचा. "तुम्हाला घाबरतो वाटतं."

"मालकाने पण थोडं घाबरावं मग."

"मालक कधीच घाबरलाय..."

खिडकीबाहेर पावसाची सर यायची, जायची. उन्नती मान खाली घालून बटणं दाबायची आणि नेमका क्रम चुकायची. खोटं कशाला बोला, तिलाही त्या फेऱ्या आवडायला लागल्या होत्या. पण एका सकाळी बाळाराम शेठने तिला बोलावलं.

"पाटलांचा अजून एक फोन आला ना, तर तू काउंटरवर. बाहेरची कामं मनोज बघेल."

ती तडक पाटलांकडे गेली आणि रिमोट हातात न घेता सरळ खुर्चीत बसली.

"आज मी हात लावणार नाही," ती भाविकच्या आईला, कमळाबाईंना म्हणाली. "तुम्ही रोज कसं चालवता, तेवढं बघते."

"बस की गो. जेवूनच जा."

जेवणात बोंबलाचं कालवण होतं, आणि भाविकही गोदाम सोडून पानावर हजर होता. जेवणं झाली, कमळाबाईंची मालिका संपली. त्या उठल्या, आणि रिमोटकडे ढुंकूनही न बघता त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं खटाखट बंद केली.

"तो लाल दिवा जलत राहतो ना, वीज खातो फुकट. मी रोज इथनंच बंद करते. रिमोटचा काय भरवसा न्हाय."

उन्नतीचा घास घशात नव्हता म्हणून बरं, नाहीतर ठसकाच लागला असता. बोर्डावरून बंद केलेला अॅम्प्लिफायर बोर्ड लावला की आपणहून चालू होत होता. मग रिमोट त्याला चालू-बंदचा इशारा द्यायचा, आणि चालू असलेला तो बिचारा बंद पडायचा. उन्नती मात्र आली की सगळं रिमोटनेच बंद-चालू करायची, म्हणून तिच्या हातात तो नीट चालायचा. तिने आनंदाने भाविककडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या फेरीपासून..." तो पुटपुटला. "सांगितलं असतं, तर तुम्ही परत आला नसता."

"माझं काम जात होतं, भाविक." रागात तिचं 'तुम्ही' गळून पडलं. "तुला गंमत वाटली, आणि दुकानात मी नालायक ठरत होते."

"मी शेठला सांगतो."

"काही गरज नाही. माझ्या कामाचं मी बघते. आणि भेटायचंच असेल ना, तर तक्रारीचा आडोसा घेऊन नको. तोंडाने सांगायची हिंमत असली तर ये."

ती रिमोट घेऊन बसली. अॅम्प्लिफायरचा चालू-बंदचा इशाराच तिने काढून टाकला आणि त्या जागी थेट डीव्हीडी निवडायचा इशारा शिकवला. त्या इशाऱ्याने तो बंद असला तर चालू व्हायचा, चालू असला तर चालूच राहायचा. मग कमळाबाईंनाच बोर्ड हवा तसा बंद-चालू करायला लावला. दर वेळी आवाज आला. डोळे भरून आले होते, पण ते तिने पायरी उतरल्यावर पुसले.

शेठला तिने एवढंच सांगितलं, "घर कसं चालतं ते न बघता रिमोट शिकवला, ही चूक माझी. आता बिघडणार नाही."

खरंच फोन आला नाही. शेठने तिला अंबाडी गावातलं काम दिलं. ती निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात दुकानात भाविक शिरला, नखशिखांत भिजलेला.

"काय पाटील, परत बिघडला?" शेठने कपाळाला आठी घातली.

"रिमोट उत्तम चाललाय. मी उन्नतीला भेटायला आलोय." मनोज बघत होता, गिऱ्हाइकं बघत होती. भाविक तरीही मागे हटला नाही. "तू मला आवडतेस. घरी तुझं नाव सांगून आलोय... आडनावासकट. बाबा अजून गप्प आहेत. आई म्हणाली, जेवायला घेऊन ये."

उन्नतीने शांतपणे अवजारांची बॅग खांद्याला लावली. आता कान तापले होते ते तापलेच होते, त्याला ती तरी काय करणार.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "आणि तू मला आवडतोस, तेही गेलेलं नाही. दोन्ही चालणार असेल तर चल लवकर, अंबाडीची एसटी चुकेल."